ऋतुमान : थंडी सखल जागीं साचते

तुळशीचीं लग्नें आटोपलीं, दिवाळीचे आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले, आणि काकडआरतीस निघालेल्या वृद्ध मंडळींच्या अंगावर शाली दिसूं लागल्या, म्हणजे शरद संपून हेमंत दाराशीं आला असें आपण समजतों. पंचांगानें मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने हेमंतास वांटून दिले आहेत. परंतु थंडी ही कांहीं तिथि पाहून येणारी पाहुणी नव्हे. एखाद्या वर्षीं ती कार्तिकांतच येऊन बसते, तर एखाद्या वर्षीं मार्गशीर्ष अर्धा सरला तरी पंखे बंद करण्याचा योग येत नाहीं. म्हणून या दिवसांत ‘यंदां थंडी कशी पडणार?’ हा प्रश्न घरोघर निघतो. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं. कारण ‘कशी’ याच्या आधीं ‘कोठें’ हें विचारावें लागतें. या अंकीं ऋतुमानाचा विचार त्या ‘कोठें’च्या अनुरोधानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ऋतु पालटतो कसा तें पाहूं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांची माघार पश्चिम राजस्थानांतून सुरू होते. हवामान खात्यानें २०२० सालीं सुधारलेल्या सरासरी तारखांप्रमाणें ही सुरुवात १७ सप्टेंबरास होते, ८ ऑक्टोबराच्या सुमारास ते वारे मुंबई सोडतात, आणि १५ ऑक्टोबरापर्यंत सबंध देशांतून परततात. त्यांच्या पाठोपाठ येतो तो आश्विनाचा उकाडा. आकाश निवळलेलें, वारा पडलेला, जमीन मात्र अजून ओली; त्यामुळें ऊन सरळ अंगावर येतें आणि जमिनींतील ओल वाफ होऊन हवा दमट ठेवते. हें ऊन जसजसें जमीन वाळवीत जातें, तसतशी हवा कोरडी होते, वारे ईशान्येकडून व उत्तरेकडून वाहूं लागतात, आणि दिवस व रात्र यांच्या तापमानांतील तफावत वाढत जाते. दुपारीं सदरा नकोसा व्हावा आणि पहांटे एक गोधडी अपुरी पडावी, हें लक्षण दिसलें कीं हिंवाळ्याचा पाया घातला गेला असें समजावें.

पाया घातला तरी इमारत सरळ चढत नाहीं. या दिवसांत तिला दोन बाजूंनीं धक्के बसतात. पहिला समुद्राकडून. कार्तिकाच्या सुमारास बंगालच्या उपसागरांत व अरबी समुद्रांत वादळें उठतात. २००९ च्या ११ नोव्हेंबरास ‘फयान’ वादळ उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावर आलें, आणि २०१७ च्या डिसेंबराच्या आरंभीं ‘ओखी’ वादळानें मुंबईस ऐन हिंवाळ्यांत पावसानें भिजविलें. दुसरा धक्का पश्चिमेचा. भूमध्य समुद्राच्या बाजूनें हवेचे जे झंझावात इराण व अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे येतात, ते तेथें बर्फ टाकतात आणि त्यांची झळ पुष्कळदां आपल्यापर्यंत पोंचते. झंझावात जवळ येत असतां आपल्याकडे आकाश भरून येतें व रात्री उबदार होतात. तो पूर्वेकडे निघून गेला, कीं बर्फावरून उतरणारे उत्तरेचे कोरडे वारे खानदेश व विदर्भापर्यंत धांवत येतात. २०२३ च्या नोव्हेंबराच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व गारपीट होऊन द्राक्षबागांची धूळधाण झाली, ती वाचकांस आठवत असेल. तात्पर्य, ढग आले म्हणून थंडी गेली असें समजून घोंगड्या गुंडाळून ठेवूं नयेत. ढग पांगल्यावर जी रात्र येते तीच बहुधा अधिक बोंचरी असते.

ही बोंचरी रात्र तयार होते कशी? दिवसभर सूर्यापासून घेतलेली उष्णता भूमि रात्रीं आकाशाकडे परत देत असते. वर ढगांचें पांघरूण असेल किंवा हवेंत वाफ पुष्कळ असेल, तर तें पांघरूण यांतील बरीच उष्णता खालीं परत पाठवितें. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा शांत असला, तर भूमि उघड्यावर निजलेल्या माणसाप्रमाणें रात्रभर गारठत जाते, आणि तिच्या लगतची हवाही तिच्याबरोबर गारठते. हें काम सूर्योदयापर्यंत चालूंच असल्यामुळें दिवसांतील सर्वांत थंड वेळ मध्यरात्र नसून सूर्योदयाच्या आसपासची असते. उत्तरेचा वारा थंडी आणतो हें खरें. परंतु आपल्या आंगणांतली पुष्कळशी थंडी आपल्या आंगणांतच तयार होते, हेंही तितकेंच खरें आहे.

आतां मुख्य गोष्ट. गार हवा उबदार हवेपेक्षां जड असते. ती स्थिर राहत नाहीं. पाण्याप्रमाणें उतारावरून खालीं वाहते आणि सखल भागांत साचते. पुणें आणि महाबळेश्वर यांची तुलना करून पाहावी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशें मीटरांच्या आसपास, तर पुणें साडेपांचशेंच्या सुमारास. उंचीबरोबर दर हजार मीटरांस सुमारें सहा अंशांनीं तापमान उतरतें, हा नियम शाळेंत सर्वांनींच घोकलेला असतो. त्या नियमानें महाबळेश्वर पुण्याहून बारा महिने, आठही प्रहर थंड असावयास पाहिजे. दिवसां तसें तें असतें. परंतु जानेवारींत पुण्याचें किमान तापमान सरासरीनें अकरा-बारा अंश सेल्सिअस असतें, आणि महाबळेश्वराचें त्याहून एक-दोन अंशांनीं अधिकच! डोंगरमाथ्यावरची गार हवा दऱ्यांत उतरून जाते, आणि टेकड्यांनीं वेढलेल्या पुण्यांत ती मुळा-मुठेच्या कांठीं येऊन बसते. त्याच महाबळेश्वरांत वेण्णा तलावाच्या खोलगट भागीं मात्र कांहीं पहांटे दंवाचे कण गोठलेले सांपडतात, कारण तेथें गार हवेस निघून जावयास वाट नसते. माथा उबदार आणि वाटीचा तळ गोठलेला, अशी ही एकाच गांवांतील स्थिति आहे.

याच दृष्टीनें जुन्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. पुण्याच्या वेधशाळेंत १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंशापर्यंत उतरला होता. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं तो ३.५ अंशांवर आला. मुंबईंत १९६२ च्या जानेवारींतील थंडींत सांताक्रूझ येथें ७.४ अंशांची नोंद झाली, परंतु तिन्ही बाजूंनीं समुद्रानें वेढलेल्या कुलाब्यास त्या महिन्यांतला नीचांक ११.७ अंश होता. एकच शहर, एकच महिना, आणि अंतर चार अंशांहून अधिक. पुण्यांतही पाषाण किंवा हवेलीकडील उघडा भाग आणि पूर्वेकडील दाट इमारतींचा भाग यांत एकाच पहांटे चार-पांच अंशांचा फरक पडतो, हें वेधशाळेच्या रोजच्या आंकड्यांवरून कोणासही ताडून पाहतां येईल.

या पार्श्वभूमीवर प्रांतवार काय अपेक्षावें तें थोडक्यांत सांगतों. कोंकण व गोमंतक येथें समुद्र हा मोठा शेजारी; तो दिवसां तापूं देत नाहीं आणि रात्रीं गारठूं देत नाहीं. पणजीस ऐन जानेवारींतही पहांटेचा पारा वीस अंशांच्या जवळपास राहतो. दापोलीसारख्या पठारावरच्या गांवीं मात्र तो पुष्कळ खालीं जातो. आंब्याच्या मोहोरास ही गार व कोरडी हवा लागते. थंडी लांबली कीं मोहोर लांबतो, आणि मधूनच ढग आले कीं तुडतुड्यांचें फावतें. देशावर नाशिक, पुणें व अहिल्यानगर या पट्ट्यांत नद्यांचीं खोरीं सर्वांत थंड असतात. निफाडच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पांच अंशांखालीं गेल्याची नोंद अनेक हिंवाळ्यांत झालेली आहे. खानदेशांत उत्तरेचे वारे लौकर पोंचतात, आणि सातपुड्यांतील तोरणमाळ व डाब यांच्या बाजूस दंव गोठल्याच्या वार्ता येतात. मराठवाड्यांत परभणीचें कृषि विद्यापीठ बहुधा सर्वांत नीच आंकडा दाखवितें. विदर्भांत गोंदिया व नागपूर यांस उत्तरेच्या थंडीचा पहिला तडाखा बसतो. सर्वसाधारणपणें नोव्हेंबराच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून रात्री गार होत जातात, आणि डिसेंबराच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत थंडी सर्वांत अधिक असते.

हवामान खातें दर गुरुवारीं पुढील चार आठवड्यांचा अंदाज प्रसिद्ध करतें, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या हंगामाचें अनुमान नोव्हेंबर संपतां संपतां देतें. हे अंदाज अवश्य पाहावे. मात्र त्यांतील आंकडा कोठला, हें विसरूं नये. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लांकडी पेटींत असतो, आणि त्याचा आंकडा त्या पेटीपुरता खरा असतो. सपाटीवरच्या ठिकाणीं किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून तें सरासरीहून निदान साडेचार अंशांनीं घसरलें, तर खातें त्यास ‘थंडीची लाट’ म्हणतें. किनाऱ्यावरच्या ठिकाणांस ही मर्यादा १५ अंशांची आहे. हे निकष योग्यच आहेत. परंतु ‘लाट नाहीं’ याचा अर्थ ‘कोणास थंडी वाजत नाहीं’ असा होत नाहीं. पेटींतला पारा अकरावर असतां दोन कोसांवरच्या नदीकांठच्या शेतांत तो सहा-सातावर असूं शकतो.

या बाबतींत पुण्यांतच झालेल्या एका शोधाची आठवण करून देणें उचित होईल. पुण्यास हवामान खात्याचा कृषिविषयक विभाग १९३२ सालीं निघाला, आणि त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनीं त्याच वर्षीं एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलें. निरभ्र व शांत रात्रीं सर्वांत थंड हवा थेट जमिनीस चिकटलेली नसून, जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर असते, असें त्यांस मापनांत आढळलें. पाश्चात्य शास्त्रज्ञांस हें प्रथम पटेना. मापनांतच कांहीं चूक असली पाहिजे असें त्यांचें म्हणणें पडलें. पुढें इतरांनीं अधिक काळजीपूर्वक मापन करून तें खरें ठरविलें, आणि साठ वर्षांनीं, १९९३ सालीं, रोद्दम नरसिंह व त्यांचे बंगळूरचे सहकारी यांनीं त्याची सविस्तर उपपत्ति मांडली. शास्त्रज्ञ या थरास आज ‘रामदास थर’ म्हणतात. वीतभर ते हातभर उंची म्हणजे कोणती, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. हरभऱ्याच्या रोपाची उंची ती. आणि उघड्यावर, भुईवर निजलेल्या माणसाच्या अंगावरून जाणारी हवाही तीच.

अशा सखल, उघड्या जागीं या महिन्यांत कोण असतें? एक तर पीक. गहूं व हरभरा यांस थंडी मानवते. फुटवे चांगले येतात. द्राक्षांस ती एका मर्यादेबाहेर सोसत नाहीं. मणी फुगावयाचे थांबतात, पुढें त्यांस तडे जातात. म्हणून निफाडकडचे बागाईतदार पहांटे बागेंत शेकोट्या पेटवितात आणि वेलींस पाणी देतात. पिकाची काळजी घेणारा धनी तेथें असतो, आणि त्याच्या हालांची वार्ताही वृत्तपत्रांत येते.

परंतु दुसरेंही कोणी तेथें असतें. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम नेमका थंडीच्या तोंडावर सुरू होतो. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या कोरडवाहू मुलखांतून लाखों स्त्रीपुरुष, कच्च्याबच्च्यांसह, ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्राकडे येतात. नवराबायकोच्या जोडीस या धंद्यांत ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची गणना हत्यारानें होते! त्यांचा मुक्काम कोपींत. बांबू, चट्या, उंसाचें पाचट आणि वरून प्लास्टिकचा कागद, एवढेंच तिचें साहित्य. ही कोपी बहुधा पाण्याच्या आसऱ्यानें, ओढ्याच्या, कालव्याच्या किंवा नदीच्या कांठीं, मोकळ्या रानांत उभी राहते. म्हणजे गार हवा जेथें रात्रभर साचत येते, नेमकी तेथें. पुष्कळदां पहांटेच्या अंधारांत मायबाप फडावर निघतात. मुलें एकतर कोपींत पाचटावर राहतात, नाहीं तर दंवानें भिजलेल्या फडाच्या बांधावर. दिवसांतला सर्वांत थंड प्रहर हाच, हें वर सांगितलेंच आहे. शहरांतल्या वेधशाळेच्या आंकड्यांत यांची रात्र येत नाहीं, आणि आपल्या चहाच्या पेल्यांत विरघळणाऱ्या साखरेंतही ती दिसत नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांत थंडीच्या दिवसांत ऊबदार कपडे वांटण्याची चांगली चाल आहे. तिच्यांत दोन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. पहिली, वेळेची. वृत्तपत्रांत ‘थंडीची लाट’ हीं अक्षरें झळकल्यावर आपली दानबुद्धि जागी होते. तोंवर कोपींतल्या तान्ह्या मुलानें पंधरा-वीस गार रात्री काढलेल्या असतात. हें काम मार्गशीर्ष लागण्यापूर्वींच व्हावें. दुसरी, वस्तूची. विटलेल्या साड्या आणि एकाच बाहीचे स्वेटर देऊन घर मोकळें होतें, दुसऱ्याची थंडी जात नाहीं. जाड घोंगडी, मुलांच्या कानटोप्या व पायमोजे, आणि अंगाखालीं घालावयास जाड सतरंजी, या वस्तु खरोखर उपयोगीं पडतात. अंगावरच्या पांघरुणाइतकीच अंगाखालची आच्छादनें महत्त्वाचीं. ओली भुई उष्णता झपाट्यानें ओढून घेते. जवळच्या साखर कारखान्यावर किंवा गांवच्या शाळेंत विचारणा केल्यास तोडकऱ्यांचा तळ कोठें पडला आहे तें सहज कळतें.

आतां घरच्या माणसांविषयीं. वृद्धांस थंडीची जाणीव तरुणांइतकी लौकर होत नाहीं. ‘मला नाहीं हो वाजत’ या त्यांच्या बोलण्यावर विसंबून राहूं नये. थंडींत रक्तवाहिन्या आकुंचित होऊन रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनीं पहांटेच्या गारठ्यांत एकाएकीं बाहेर पडूं नये. तान्ह्या मुलाच्या शरीरांतली उष्णता मस्तकावाटे पुष्कळ जाते; त्याच्या डोक्यास टोपरें असावें. पहांटे फिरावयास जाण्याचा ज्यांचा नेम आहे, त्यांनीं या दोन महिन्यांत तो सूर्योदयानंतरचा करावा. जमिनीलगत गार व वर उबदार अशी हवेची मांडणी झाली, कीं वरच्या थराचें जणूं झांकण बसतें आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा व धुळीचा धूर खालींच कोंडून राहतो. दमेकऱ्यांस ती हवा विशेष बाधते.

एक इशारा आम्ही दर वर्षीं देतों, आणि तो कितीदां दिला तरी अधिक होणार नाहीं. दारें-खिडक्या लावून निजण्याच्या खोलींत कोळशाची शेगडी कदापि ठेवूं नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. निजलेल्यास तो कळतही नाहीं, आणि तो प्राण घेतो. शेगडी निजण्यापूर्वीं खोलीबाहेर नेलीच पाहिजे.

आपल्या घरांतून धनुर्मासांत सूर्योदयास जेवण्याची चाल आहे. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, भरीत असा तो बेत असतो. डिसेंबराच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचे हे दिवस. यांतच सर्वांत लहान दिवस येऊन जातो. परंतु पुण्या-मुंबईकडे त्यानंतरही, दिवस वाढूं लागला तरी, सूर्योदय मात्र संक्रांतीच्या सुमारापर्यंत उशिरांच सरकत राहतो. म्हणजे पहांटेचा गारठा लांबत जातो, आणि नेमक्या त्या गारठ्याच्या शेवटच्या घटकेस ऊन, स्निग्ध अन्न पोटांत जातें. या चालीचा लाभ घरांतल्या मोलकरणीस व पहांटे दूध, वृत्तपत्र टाकणाऱ्या मुलांसही मिळाला तर ती अधिक शोभेल.

येत्या कांहीं आठवड्यांत रोज सूर्यास्तास तीन गोष्टी पाहण्याचा परिपाठ वाचकांनीं ठेवावा, असें आम्ही सुचवितों. आकाशांत ढग आहेत कीं तें स्वच्छ आहे. झाडाचें पान हालतें कीं नाहीं. आणि आपली जागा भोंवतालच्या भागाहून उंच आहे कीं सखल. आकाश स्वच्छ, पान निश्चल आणि जागा सखल असेल, तर अंदाजांतल्या आंकड्यांतून तीन-चार अंश वजा करून त्या रात्रीची तयारी करावी. आणि ती तयारी करतांना आपल्याहून सखल जागीं कोण निजलें आहे, याचीही एकदां चौकशी करावी.